आधी माणूस, मग बिऱ्हाड

परदेशातल्या शाळेचं नेमणूकपत्र हातात आलं की घरात पहिली आकडेमोड पगाराची होते. पौंडाला किंवा दिरहमला रुपयाच्या भावाने गुणायचं आणि आलेला आकडा इथल्या पगाराशेजारी मांडायचा. त्या आनंदात आणखी एक गोष्ट ठरून जाते, खरं तर ती कुणी ठरवतच नाही, गृहीत धरली जाते: जायचं तर सगळ्यांनी मिळूनच जायचं. मला या लेखात त्या गृहीताविरुद्ध बोलायचं आहे. नोकरी ज्याला किंवा जिला मिळाली आहे त्या व्यक्तीने आधी एकट्याने जावं, तिथल्या शाळेत पाय रोवावेत, आणि मुलांची इथली वार्षिक परीक्षा आटोपल्यावर मे महिन्यात बिऱ्हाड हलवावं. सल्ला मनाला रुचणारा नाही, हे कबूल. पण कागद पुढे घेऊन बसलं की जवळजवळ प्रत्येक कागद याच बाजूने बोलतो.

खानदेशातल्या भडगाव, पाचोरा, चाळीसगाव या पट्ट्यात बी.एड. झालेल्यांची कमी नाही, जागांची आहे. ‘पवित्र’ पोर्टलवरच्या भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ अशी वर्षावर्षांच्या खंडाने झाली. तीतून निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची, आणि २०२३ मध्ये वाढवलेलं मानधनसुद्धा माध्यमिकला महिना १८,००० रुपये. विनाअनुदानित शाळांत काय हाती पडतं, ते तिथे शिकवणाऱ्यांनाच विचारावं. दुसरीकडे इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह काही देशांतल्या शिक्षकांना आपली ‘क्यूटीएस’ ही शिक्षकपात्रता थेट मिळवण्याची वाट उघडली. भारतीयांसाठी ती गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांपुरती आणि ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवण्यापुरती आहे. हा अर्ज मोफत असतो, तेव्हा त्याच्या ‘फी’च्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. लंडनबाहेर पात्र शिक्षकाची सुरुवातीची पायरी २०२५-२६ साठी वर्षाला ३२,९१६ पौंड आहे. कर, नॅशनल इन्शुरन्स आणि निवृत्तिवेतनाचा वाटा गेल्यावर हातात महिन्याला २,१०० पौंडांच्या आसपास पडतात. आखातातल्या भारतीय शाळा आणि अमेरिकेतला शिक्षक-विनिमयाचा जे-१ व्हिसा हे आणखी दोन रस्ते. त्यांच्याबद्दल पुढे बोलू. मुख्य उदाहरण इंग्लंडचं घेतो, कारण कुटुंब नेण्याचे तिथले नियम सविस्तर लिहिलेले आणि कुणालाही वाचता येण्यासारखे आहेत.

एकाने पुढे जायचं आणि बाकीच्यांनी मागून, ही रीत खानदेशाला नवी नाही. लिंबायत, उधना, दिंडोली या सुरतेच्या वस्त्या खानदेशी माणसांनी भरल्या त्या अशाच. घरातला एकजण ताप्ती लाइनच्या गाडीने गेला, गाववाल्याच्या खोलीत राहिला, यंत्रमागावर किंवा गिरणीत काम पक्कं झालं, आणि मग बायकोमुलं गेली. पुढे सुरतेच्या महानगरपालिकेला मराठी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागल्या, इतकी ही बिऱ्हाडं तिथे रुजली. शिकल्यासवरलेल्या माणसाला वाटतं की ही मजुरांची रीत, आपल्याकडे तर नेमणूकपत्र आहे. पण नेमणूकपत्र फक्त पगाराची खात्री देतं. घर, शेजार, मुलांची शाळा आणि जोडीदाराचं काम यांबद्दल त्यात एक ओळ नसते.

विद्वानांनीही हेच केलं होतं. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये पालीच्या कामासाठी हार्वर्डला पहिल्यांदा गेले ते एकटे. परत येऊन काही वर्षं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवल्यावर १९१८ मध्ये ते पुन्हा निघाले, तेव्हा माणिक आणि दामोदर ही दोन मुलं बरोबर होती. दामोदर अकरा वर्षांचा होता. गाव, विद्यापीठ, सहकारी, सगळं वडिलांच्या ओळखीचं झालेलं होतं. मुलगा हार्वर्डच्याच गावी, केंब्रिजच्या लॅटिन स्कूलमध्ये शिकला आणि १९२९ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला. गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी ते हेच. मात्र या उदाहरणाची दुसरी बाजूही झाकू नये: त्यांच्या पत्नी बाळाबाई भारतातच राहिल्या. आधी-मागे जाणं आणि कायमचं विभागून राहणं यांत अंतर ठेवलं नाही तर पहिल्याचं दुसरं व्हायला वेळ लागत नाही. म्हणूनच मी ‘मागून कधीतरी’ म्हणत नाही. मे म्हणतो, आणि तो ठरलेला असावा म्हणतो.

आता पैसा. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर जाताना प्रत्येकाला इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरावा लागतो. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, १८ वर्षांखालच्या मुलाला ७७६. तो दरवर्षी हप्त्याने भरता येत नाही, व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा एकदम आणि अर्जाबरोबरच भरायचा असतो. नवराबायको, दोन मुलं आणि तीन वर्षांचा व्हिसा धरला तर ही एकच रक्कम १०,८६६ पौंड होते, म्हणजे बारा लाख रुपयांच्या वर. व्हिसाची फी, विमानाची तिकिटं आणि पहिल्या महिन्याचं भाडं त्यात नाही. पहिला पगार हातात येण्याआधी हा खर्च करायचा म्हणजे बहुतेक घरांत पतसंस्थेचं कर्ज, दागिने नाहीतर शेताचा तुकडा पुढे येतो. एकट्याने जाताना हाच सरचार्ज ३,१०५ पौंडांवर थांबतो. शिवाय मागून येणाऱ्यांचा व्हिसा मुख्य व्हिसाच्या तारखेलाच संपत असल्यामुळे त्यांना उरलेल्या मुदतीचाच सरचार्ज लागतो. ऑगस्टऐवजी पुढच्या मेमध्ये ते निघाले तर अडीच वर्षांचे पैसे भरावे लागतात आणि तिघांचे मिळून तेराशे पौंडांच्या आसपास वाचतात. खरा फायदा या बचतीपेक्षा वेगळा आहे. कुटुंबाचे पैसे तुम्ही तिथल्या पगारातून भरता, इथल्या कर्जातून नव्हे. खात्यावर दाखवायची रक्कमही अशीच विभागली जाते: शाळेने निर्वाहाची हमी दिली नसेल तर शिक्षकाचे १,२७०, जोडीदाराचे २८५, पहिल्या मुलाचे ३१५ आणि दुसऱ्याचे २०० पौंड सलग २८ दिवस खात्यात राहिलेले दिसावे लागतात. आणि हे लक्षात असू द्या की परदेशी माणूस नेमताना शाळेला सरकारकडे जो इमिग्रेशन स्किल्स चार्ज भरावा लागतो, तो शिक्षकाकडून वसूल करणं तिथे बेकायदा आहे. नोकरी मिळवून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणंही त्या देशात एजन्सीला मना आहे. भारतातून नोकरीवर पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असला पाहिजे, आणि त्याच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. लाखांत बोलणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा आणि तो ई-मायग्रेट पोर्टलवर पडताळून पाहा.

घराचा प्रश्न पैशाहून अवघड असतो, कारण तो इथून सुटत नाही. घरमालक तुमचा व्हिसा तपासतो, मागच्या घरमालकाचा दाखला मागतो, तिथल्या बँकेतली पत बघतो. नव्या माणसाकडे यातलं काहीच नसतं, म्हणून जामीनदार मागितला जातो. अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंतच घेता येते, एवढा कायद्याचा आधार आहे. एकटा माणूस एखाद्या सामायिक घरातली खोली घेऊन दोन-चार महिने काढू शकतो. चौघांचं कुटुंब तसं काढू शकत नाही. मग फोटो पाहून इथूनच फ्लॅट पक्का केला जातो, आणि तिथे गेल्यावर कळतं की नोकरीची शाळा दोन बस बदलून आहे किंवा जवळच्या प्राथमिक शाळेत जागाच नाही. इंग्लंडमध्ये सरकारी शाळेचा प्रवेश स्थानिक कौन्सिलमार्फत होतो. वर्षाच्या मधल्या प्रवेशाला बहुतेक ठिकाणी पत्त्याचा पुरावा लागतो, आणि जागा अपुऱ्या असल्या की घर शाळेपासून किती जवळ हे बघितलं जातं. म्हणजे मुलांची शाळा हेरून मग घर घ्यायचं असतं, आणि ते तिथे काही महिने फिरल्याशिवाय जमत नाही.

शाळेतलं पहिलं वर्ष काय असतं याचीही कल्पना हवी. सरकारी शाळेतल्या शिक्षकाला वर्षाला १९५ दिवस आणि मुख्याध्यापकांच्या सूचनेनुसार १,२६५ तास काम, असा करार असतो. ऐकायला ते हलकं वाटतं. तपासणी, पाठांची तयारी आणि पालकांना लिहायच्या नोंदी यांतलं बरंचसं काम त्या तासांच्या बाहेर जातं. आपल्याकडे सेमी-इंग्रजीच्या वर्गाला विज्ञान शिकवणाऱ्याला ‘फोटोसिंथेसिस’ सांगता येतं. पण मागच्या बाकावर गडबड करणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या बोलीत, आवाज न चढवता, दोन वाक्यांत गप्प करणं ही वेगळी विद्या आहे. मुलांच्या सुरक्षिततेचे नियमही तिथे फार कडक असतात: कुणाशी बंद खोलीत एकटं बोलायचं नाही, काय कानावर आलं की कुणाला कळवायचं, सगळं ठरलेलं. हे शिकत असतानाच घरी नवीन गावात बावरलेली तीन माणसं वाट बघत बसलेली असतील, तर शिक्षक कोणत्याच आघाडीवर धड उभा राहत नाही. आणि ज्याचा विचार निघताना कुणी करत नाही तो धोका असा: नोकरी टिकली नाही तर व्हिसाची मुदत साधारणपणे ६० दिवसांवर आणली जाते, कुटुंबाचीही. त्या दोन महिन्यांत दुसरी प्रायोजक शाळा मिळाली नाही तर परत यायचं. एकटा माणूस परत आला तर एका नोकरीचा अनुभव गाठीशी घेऊन येतो. सगळं कुटुंब परत आलं तर मुलांची दोन देशांतली दोन अर्धी वर्षं वाया जातात. अनुदानित शाळेत कायम असलेल्यांनी म्हणूनच राजीनामा देण्याआधी बिनपगारी रजेचा अर्ज करावा आणि होकार-नकार जो येईल तो लेखी घ्यावा.

आता मेच का, ते. इंग्लंडचं शालेय वर्ष सप्टेंबरला सुरू होतं, शिक्षकांच्या बहुतेक नेमणुका तेव्हाच्या असतात, म्हणून शिक्षक ऑगस्टमध्ये जाणार. मुलांना त्याच वेळी नेलं तर इथली जूनला सुरू झालेली इयत्ता दोन महिन्यांत सोडावी लागते. त्याऐवजी त्यांनी एप्रिलची परीक्षा द्यावी, निकाल आणि शाळा सोडल्याचा दाखला घ्यावा आणि मेअखेर निघावं. तिथलं वर्ष जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास संपतं. म्हणजे मुलांना जून-जुलैचे सहा-सात आठवडे मिळतात: वर्ग बघायला, भाषा कानावर पडायला, एखादा मित्र जोडायला. वर्षअखेरीस आलेल्या नव्या मुलावर अभ्यासाचा भार सहसा कमी असतो. त्यानंतर सहा आठवड्यांची सुट्टी, आणि सप्टेंबरला तो नवखा म्हणून वर्गात जात नाही. तिथे इयत्ता वयानुसार ठरते, मागे काय शिकला त्यानुसार नाही, आणि वयाची रेघ ३१ ऑगस्टला आहे. महाराष्ट्रात ती ३१ डिसेंबरला आहे. त्यामुळे इथे नियमाप्रमाणे पहिलीत गेलेल्या मुलाचा जन्म सप्टेंबर ते डिसेंबरमधला असेल तर दोन्हीकडचा इयत्तेचा आकडा जुळतो. जानेवारी ते ऑगस्टमधला असेल तर तो तिथे एक आकडा पुढे बसतो. ‘मुलाला वरच्या वर्गात घातलं’ म्हणून घाबरायचं कारण नाही आणि फुशारकी मारायचंही नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो ताटातुटीचा: नऊ महिने मुलांनी बापाशिवाय किंवा आईशिवाय का राहावं? आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. मी एवढंच म्हणेन की भडगावात हे नऊ महिने आजी-आजोबा, काका, शाळा आणि ओळखीची गल्ली यांच्यात जातात. तिथे कुटुंब एकत्र असलं तरी पहिले नऊ महिने सकाळी साडेसातला निघून संध्याकाळी थकून परतलेल्या एका माणसावर सगळ्यांचा भार असतो. नाताळात शाळेला दोन आठवडे सुट्टी असते, तेव्हा एक फेरी ठरवून टाकावी. तिकीट त्या दिवसांत महाग असतं, पण शिक्षकाला सत्राच्या मधे रजा मिळत नाही, हे गृहीत धरूनच पैसे बाजूला काढावेत. दुसरा आक्षेप दोन चुलींच्या खर्चाचा. इथली चूल तशीही पेटलेली असते, आणि तिथे एका खोलीचं भाडं व दोन बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं यांतला फरक पाहिला की हा आक्षेप उरत नाही. तिसरा आक्षेप वजनदार आहे. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्यासाठी जोडीदाराला स्वतःचीही पाच वर्षं भरावी लागतात, म्हणजे मागून गेलेल्याचं घड्याळ उशिरा सुरू होतं. खरं आहे. पण २०२५ मध्ये त्या सरकारने ही सर्वसाधारण मुदत पाचावरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. ज्या नियमाचा पायाच हलतो आहे त्याच्यासाठी मुलांचं वर्ष मोडणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

नेमणूकपत्र घरातल्या बाईच्या नावाने आलं असेल तर? आपल्याकडे विज्ञान-गणिताच्या कितीतरी शिक्षिका आहेत, आणि वरचा सगळा युक्तिवाद ऐकून मान डोलावणारे इथे थबकतात. तिने एकटीने जायचं? मग नवरा सोबत म्हणून निघतो, केळीचा बाग आणि कापूस भावावर टाकून, आणि तिथे उतरल्यावर काय करायचं हे न ठरवता. स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला जवळजवळ कुठलंही काम करायची मुभा असते, पण मुभा म्हणजे काम नव्हे. त्याने ते नऊ महिने इथे राहून इंग्रजी बोलण्याची सवय करावी, वाहन परवाना नसेल तर काढावा (भारतीय परवान्यावर तिथे पहिले १२ महिनेच गाडी चालवता येते), हंगाम आटोपून शेत वाट्याने किंवा भाडेपट्ट्याने लावावं. तिची पहिली सोय शाळेजवळच्या घरात, जिथे इतर शिक्षिका राहतात तिथे, करता येते. मुलांची आई दूर गेली म्हणून गावात चर्चा होईल. बाप आखातात गेला तेव्हा झाली नव्हती, एवढंच त्यावर म्हणावंसं वाटतं.

आईवडिलांचं मात्र आधी ठरवा. या व्हिसावर जोडीदार आणि १८ वर्षांखालची मुलं नेता येतात, आईवडील नाहीत. ते पाहुणे म्हणून एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने येऊ शकतात. म्हणजे तिथे मुलांना शाळेत सोडायला, आणायला, तापात उशाशी बसायला आजी नसते. प्राथमिक शाळा दुपारी तीन-सव्वातीनला सुटते, लहान मुलांना घ्यायला कुणीतरी जावं लागतं, आणि मूल घरी एकटं ठेवणं ही तिथे चौकशी ओढवून घेणारी गोष्ट ठरू शकते. दोघंही नोकरी करणार असतील तर शाळेच्या आधीचे-नंतरचे क्लब किंवा नोंदणीकृत चाइल्डमाइंडर यांचा खर्च धरावा लागतो. व्हिसावर ‘सरकारी मदतीचा हक्क नाही’ अशी अट असते, त्यामुळे चाइल्ड बेनिफिटसारखी मदत मिळत नाही. सरकारी शाळा मात्र मोफत असते. इकडे शेताच्या बाबतीत दोन गोष्टी: अनिवासी झाल्यावर असलेली शेतजमीन ठेवता येते, वारशाने मिळू शकते, नवीन विकत घेता येत नाही, आणि पीएम-किसानचा हप्ता अनिवासी भारतीयाला लागू नाही. बँकेतलं बचत खातंही एनआरओ करून घ्यावं लागतं.

कागदपत्रांसाठी हे नऊ महिने सोन्यासारखे. आपल्याकडे घोटाळा नावांचा असतो. गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, पासपोर्टवर मागे. बी.एस्सी. माहेरच्या नावाने, बी.एड. सासरच्या. मुलाच्या जन्मदाखल्यावर नावच नाही, किंवा ग्रामपंचायतीने फक्त मराठीत दिलेला. लग्न वीस वर्षांपूर्वीचं आणि नोंदणी कधी केलीच नाही. यातलं प्रत्येक दुरुस्त होतं, पण प्रत्येकाला आठवडे लागतात, नाव बदलाला राजपत्राची वाट बघावी लागते. शिक्षकाचे स्वतःचे कागद ऑगस्टच्या आत व्हायलाच हवेत: जळगावच्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, पोलिसांचा चारित्र्यदाखला, इंग्रजीची परीक्षा. कुटुंबाचे त्यानंतर सवडीने होतात. एक सावधगिरी: ब्रिटनसाठी लागणारं क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र सहाच महिने चालतं आणि ते मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावं लागतं. ‘एकाच मुंबईच्या खेपेत सगळ्यांचं उरकू’ म्हणून ऑगस्टमध्येच मुलांची तपासणी करून ठेवलीत तर मेमध्ये ती पुन्हा करावी लागेल.

आखाताचं गणित थोडं वेगळं आहे. तिथल्या सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, अभ्यासक्रम तोच, म्हणून मुलांना हादरा कमी बसतो. पण तिथल्या भारतीय शाळा मोफत नसतात. तुम्ही जिथे शिकवता तिथे मुलांच्या फीमध्ये किती सवलत, हे करारात लिहून घ्या. कुटुंबाचा व्हिसा पगारावर अवलंबून असतो. संयुक्त अरब अमिरातीत त्यासाठी महिन्याला किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय लागते. तो देश अपोस्टीलच्या करारात नसल्यामुळे पदवीवर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि त्यांचा दूतावास अशा शिक्क्यांची साखळी पूर्ण करावी लागते. अमेरिकेचा जे-१ तीन वर्षांचा, फार तर आणखी दोन वर्षं वाढणारा. परत येणं त्यात लिहिलेलंच असतं. जोडीदाराला कामाची परवानगी वेगळा अर्ज करून मागावी लागते. इतक्या थोड्या मुदतीत नऊ महिने मागे राहणं कुणाला जड वाटेल, तर तिथे एक सत्र पुरे.

माझा नियम मोडायलाच हवा अशी घरंही आहेत. मूल अजून अंगावर पीत असेल तर सगळ्यांनी एकत्र जावं नाहीतर नेमणूकच एक वर्ष पुढे ढकलून मिळते का पाहावं. मूल नववी-दहावीत असेल तर उलट, घाई आणखी कमी करा. इंग्लंडमध्ये १४ ते १६ या दोन वर्षांत मुलं जीसीएसई या शालान्त परीक्षेचा अभ्यास करतात, त्याच्या मध्यावर टाकलेलं मूल दोन्हीकडून सुटतं. दहावी इथे होऊ द्या, मग तिथल्या बाराव्या इयत्तेत बसवण्याचं बघा. पण मुलाचं वय १८ होण्याआधी त्याचा आश्रित व्हिसा झाला पाहिजे, नंतर तो मिळत नाही. आणि कायम वास्तव्य नसलेल्या कुटुंबातल्या मुलाला विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्याची, म्हणजे कितीतरी पट जास्त, फी भरावी लागते. ज्यांचं मोठं मूल आज पंधरा-सोळाचं आहे त्यांनी पगाराच्या गुणाकाराआधी ही वजाबाकी करावी.

परतीची वाटही आधीच आखून ठेवायची असते. शिक्षणहक्क कायद्यामुळे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला परत आल्यावर वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. नववी-दहावीत मंडळाच्या नोंदणीची भानगड होते, म्हणून परतायचंच झालं तर आठवीच्या आत परता. राज्यात २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे. घरात अहिराणी किंवा मराठी बोलत राहिल्याने ती कानाला टिकते, लिहिण्याचा हात मात्र दोन वर्षांत जातो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्याच संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. मे महिन्यात बॅगा भरताना पुढच्या दोन इयत्तांची मराठीची पुस्तकं छापून त्यात ठेवा, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या चार साक्षांकित प्रती गावी राहणाऱ्या माणसाकडे.